टाकीची सफाई आणि टीसीएल पावडर

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी दोन्ही टाक्या धुतल्या जातील. सकाळी 9 ते 1 पाणी बंद राहील. आदल्या रात्रीच भरून ठेवा.

नव्या पाण्यात 1000 लिटरमागे 5 ग्रॅम टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर) पडेल. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं, निदान अर्धा तास थांबायचं, मगच नळ सोडायचे. क्लोरिनचा थोडा वास येईल, घाबरू नका.

कळकळीची विनंती: ही पावडर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं. कामाला येणाऱ्या ताईंनाही आवर्जून सांगा.

— सचिव