तेवढीच म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी 'झटपट पॅना कोटा' (क्रीम गोठवून करायचा इटालियन गोड पदार्थ) ही पाककृती आली होती. जिलेटिन दोन चमचे, असं साहित्यात होतं आणि तळाशी कंसात बारीक अक्षरात सूचना होती, की जिलेटिन चालत नसेल तर तेवढीच अगर-अगर पावडर घ्यावी. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढतात, अगर समुद्री शेवाळातून; दोन्हींनी पातळ पदार्थ गोठतो. हे पत्र त्या 'तेवढीच'बद्दल आहे.

आमच्या घरात जिलेटिन चालत नाही, म्हणून मी तेवढीच घेतली. अर्धा लिटर क्रीमला शीग भरून दोन चमचे. बहिणीच्या साठाव्या वाढदिवसाला आठ माणसं जेवायला होती. वाटी बशीत उपडी केली तर चक्क आवाज आला. पॅना कोटा बशीत थरथरायला हवा. आमचा टक्कन बसला. भाच्यानं आधी चमचा लावून पाहिला, मग सुरी मागितली. बहीण म्हणाली, "चव छान आहे गं." म्हणजे बाकी काही बोलण्यासारखं नव्हतं.

खरी लाज पुढेच आहे. मी कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत २८ वर्षं साहाय्यक होते. अगर उकळून पेट्री डिशमध्ये ओतणं हे माझं रोजचं काम. जंतू वाढवायच्या त्या बशांना लिटरला १५ ग्रॅम अगर लागतं, हे मला झोपेत विचारलंत तरी सांगेन. पाहुणे गेल्यावर तेच दोन चमचे काट्यावर तोलले तर ७ ग्रॅम भरले, तेही अर्ध्या लिटरला. हिशेब आपणच करा. मी पाहुण्यांना साखर घातलेली पेट्री डिश वाढली होती. छापलेलं असलं की माणूस स्वतःचं शहाणपण बाजूला ठेवतो, ते असं.

जिलेटिन आणि अगर ही एकमेकांच्या जागी मोजून ठेवायची वस्तूच नव्हे. जिलेटिन साधारण ३५ अंशांच्या आतच वितळतं, म्हणून घास जिभेवर टेकला की विरघळतो. अगर एकदा गोठलं की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती तोंडात कुठून येणार? तो घास चावावाच लागतो. म्हणून अगर अगदी कमी घालायचं, अर्ध्या लिटरला दीड ग्रॅमपर्यंत, आणि ते दोनेक मिनिटं चांगलं उकळायचं. जिलेटिनचं याउलट : आधी गार पाण्यात फुलवायचं, मग गरम क्रीममध्ये विरघळवायचं, उकळत ठेवायचं नाही. पुरवणीतल्या कृतीत मात्र दोन्हींसाठी 'कोमट क्रीममध्ये ढवळावे' एवढंच आहे.

वाया मात्र काही जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्यातला शंभर ग्रॅमचा तुकडा किसून ४०० मिलीलिटर नव्या क्रीममध्ये उकळला आणि पुन्हा वाट्यांत ओतला. तो थरथरला. खायला मी एकटीच होते.

त्यानंतर मी लेमन पॉसेटकडे वळले. हा मूळ इंग्लंडचा प्रकार, आणि त्यात ना जिलेटिन ना अगर. ५०० मिलीलिटर क्रीम, १३० ग्रॅम साखर आणि लिंबाची किसलेली साल मोठ्या पातेल्यात तीन मिनिटं मंद उकळायची. मोठ्याच, कारण क्रीम वर येतं आणि आपली पाठ वळायची वाट पाहतं. गॅस बंद करून ७५ मिलीलिटर लिंबाचा रस घालायचा, वीस मिनिटांनी गाळून सहा लहान वाट्यांत ओतायचं आणि फ्रिजमध्ये चार तास. झाकण हवंच, क्रीम शेजारच्या कांद्याचा वास ओढून घेतं.

रस ओतताना माझा हात थबकला होता. गरम दुधात लिंबू पिळलं की दूध नासतं, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. इथेही आम्लामुळे प्रथिनं एकमेकांना चिकटतातच. पण क्रीममध्ये प्रथिनं कमी आणि स्निग्धांश भरपूर, त्यामुळे चोथा-पाणी वेगळं न होता सगळं एकसंध, मऊ धरतं. म्हणून स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या वर लागतो. पहिल्या खेपेला मी हलकं क्रीम वापरलं, ते सकाळपर्यंत पळीवाढंच राहिलं. चिरलेल्या फळांवर ओतून 'सॉस' म्हणून खपवलं. दुसऱ्या खेपेला बहिणीला बोलावलं. या वेळी ती काहीच बोलली नाही, दुसरी वाटी घेतली.

तेव्हा विनंती एवढीच, की गोठवणाऱ्या वस्तूंचं माप ग्रॅममध्ये छापावं आणि क्रीमच्या पुढे स्निग्धांशाची टक्केवारी द्यावी. पाकिटावर ती असते, वाचकाला ताडून बघता येईल. आणि ज्या पदार्थाला चार तास फ्रिजमध्ये बसवायचं आहे, त्याला कृपया 'झटपट' म्हणू नये. पाहुणे दारात आल्यावर कृती उघडणारी माणसं असतात. मी त्यांतलीच.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. : त्याच कृतीत जिलेटिनच्या मिश्रणात कच्च्या, म्हणजे न शिजवलेल्या, किवीचा गर घालायला सांगितलं आहे. कच्च्या किवीतलं एन्झाइम जिलेटिन तोडतं, मिश्रण गोठत नाही आणि दुधाच्या पदार्थात कडवटपणाही उतरतो. अननसाचंही तेच. गर आधी उकळून घेतला तर चालेल. पुढच्या रविवारी एवढी दुरुस्ती तरी छापावी.