औषध आणि नशेची पुडी यांना एकच शब्द नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नशेच्या पुड्या पकडल्याच्या बातम्यांत ‘कृत्रिम गांजा’ हा शब्द हल्ली वारंवार येतो आणि कर्करोगाच्या रुग्णांना उपयोगी पडणाऱ्या काही औषधांवरच्या लेखांतही तोच शब्द वापरला जातो. इंदूरच्या दवा बाजारात चाळीस वर्षे औषधविक्रीत घालवलेल्या मला ही सरमिसळ धोक्याची वाटते, कारण तिची झळ माझ्याच घराला बसली आहे.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीची केमोथेरपी चालू होती. तिसऱ्या सायकलनंतर तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना. वरणाच्या फोडणीचा वास आला तरी उमासे येत. गांजातील द्रव्यावरून केमोच्या उलट्यांचे औषध बनले आहे, असे भाच्याच्या वाचनात आले होते. त्याने ठेक्यावरून, म्हणजे परवानाधारक भांगेच्या दुकानातून, भांगेची गोळी आणली आणि दुधात घोटून तिला दिली. अर्ध्या तासात काही फरक दिसेना म्हणून पुन्हा तेवढीच दिली. दोन तासांनी मी पोहोचलो तेव्हा आक्का पलंगाची कड घट्ट धरून बसली होती, छाती धडधडत होती आणि मला ती ‘अण्णा’ म्हणून, म्हणजे आमच्या वडिलांच्या नावाने, हाक मारत होती. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली.

भाच्याने वाचलेले खोटे नव्हते. गांजातील मुख्य द्रव्य, टीएचसी, 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळे केले. प्रयोगशाळेत घडवलेले तेच द्रव्य ड्रोनॅबिनॉल या नावाने, आणि त्याच्याशी साधर्म्य असलेले नॅबिलोन, ही दोन्ही औषधे अमेरिकेत 1985 साली मंजूर झाली, पण नेहमीच्या औषधांनी केमोच्या उलट्या आटोक्यात येत नसतील तरच द्यायची म्हणून. (त्याच वर्षी आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा झाला आणि नुसती पाने गांजाच्या व्याख्येबाहेर राहिल्याने भांगेचा ठेका चालू राहिला.) ड्रोनॅबिनॉलची सर्वांत लहान कॅप्सूल अडीच मिलिग्रॅमची असते. ठेक्यावरच्या गोळीत टीएचसी किती आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि पोटात गेलेल्या भांगेचा अंमल चढायला तास-दोन तास लागू शकतात; दुसरी मात्रा नेमकी त्या अवधीत दिली गेली. मोजून दिलेल्या औषधानेही चक्कर, धडधड आणि वयस्कर माणसांत भ्रम होऊ शकतो, म्हणून त्यावर डॉक्टरांची नजर लागते.

पुडीतला माल याहून अगदी वेगळा. जेडब्ल्यूएच-018 हे रसायन अमेरिकेतील प्राध्यापक जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतील ग्राहींच्या, म्हणजे गांजातील द्रव्य जिथे जाऊन चिकटते त्या पेशींवरच्या जागांच्या, अभ्यासासाठी तयार झाले होते. नावातली आद्याक्षरे त्यांचीच आहेत. या ग्राहींवर काम करणारे शरीराचे स्वतःचे द्रव्य 1992 साली सापडले, तेव्हा त्याला आपल्या ‘आनंद’ शब्दावरून आनंदामाइड असे नाव मिळाले. टीएचसी या ग्राहींना अर्धवटच चेतवते, तर जेडब्ल्यूएच-018 पूर्ण चेतवते. 2008 साली हे रसायन युरोपात वाळक्या पानांवर फवारून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आढळले. अशा पुड्यांनी झटके येतात, मूत्रपिंडे निकामी होतात. 2018 साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात त्यांत उंदीर मारण्याचे ब्रोडिफॅकूम निघाले आणि शंभराहून अधिक लोक रक्तस्राव होऊन आजारी पडले, काही दगावले.

एकाच शब्दामुळे पुडी ओढणाऱ्या मुलाला ती औषधी वाटते आणि खऱ्या औषधाचे नाव काढले तरी रुग्णाचे नातेवाईक दचकतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, बातमीत पुडीला ‘रासायनिक नशा’ म्हणावे आणि औषधाचा उल्लेख त्याच्या नावाने, ते कोणत्या त्रासावर आहे हे सांगून करावा.

आक्काच्या डॉक्टरांनी पुढच्या सायकलला ओन्डान्सेट्रॉन या उलट्यांवरच्या नेहमीच्या औषधाच्या जोडीला रात्री ओलान्झापिनची गोळी दिली आणि तिसऱ्या दिवशी ती मेतकूट-भात जेवली. हा उपाय आधीही करता आला असता; उलट्या थांबत नाहीत, हे आम्ही कुणीच त्यांना सांगितले नव्हते. उलट्या थांबत नसतील तर आधी डॉक्टरांना सांगा, एवढी एक ओळ अशा लेखांच्या शेवटी रुग्णाच्या घरच्यांसाठी जरूर छापावी.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, इंदूर