सीईटीच्या अर्जाआधी कागद तपासा

महोदय,
बीकॉम, बीएस्सी करून तीन वर्षांच्या एलएलबीकडे वळणारे बरेच जण सीईटीची तयारी जोरात करतात, पात्रतेचे नियम मात्र वाचत नाहीत. वकिली व कायद्याच्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008च्या नियमांनुसार पदवीला खुल्या गटात किमान 45 टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. पण बारावी न करता, पूर्वतयारी शिक्षणक्रमावरून थेट पदवी घेतली असेल तर प्रवेश अडतो. हे ऐन कागदपत्र पडताळणीत कळणे फार क्लेशदायक असते.

नोकरदारांनी आणखी एक लक्षात घ्यावे. हा अभ्यासक्रम नियमित आहे, पत्राद्वारे होत नाही, आणि किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिपही करावी लागते. वकिलीची सनद, म्हणजे परवाना, घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवता येत नाही. न्यायाधीश व्हायचे असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ही वर्षे वकील म्हणून बार कौन्सिलकडे होणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, वकिलीसाठीची बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे. म्हणून पदवी हाती येताच नोंदणीचा अर्ज करावा. महाविद्यालयांनी हे सारे माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापावे, ही विनंती.