चक्कीवाल्या काकांना, कोठीतल्या गव्हाबद्दल

चक्कीवाले काका,
सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू द्या जी" म्हणता आणि पट्टा लावून चक्की सुरू करता. त्या आवाजात माझं बोलणं बुडून जातं. म्हणून लिहिते आहे. तुमचा लेक मोबाईलवर वाचून दाखवेल. आपल्या नागपुरात असा माणूस आहे हे चार लोकांना कळावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील. शेवटची पंगत उठायला रात्र झाली. भांडी तशीच ठेवून आम्ही पडलो. त्याच रात्री आभाळ फाटलं. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीला जागा पुरेना. मोरभवन बसस्थानकाच्या बसगाड्या पाण्यात उभ्या असलेल्या सगळ्यांनीच पाहिल्या. आमच्या नाल्याकाठच्या घरात पहाटे मला जाग आली ती पाय पाण्यात पडल्यामुळे. बघता बघता गुडघ्याच्या वर गेलं. गॅसचं सिलिंडर आडवं होऊन दाराला ठोकत होतं. अंधारात तो ठक ठक आवाज अजून कानात आहे.

आमचे हे गेल्यापासून घर जेवणाच्या डब्यांवर चालतं. अठरा डबे होते तेव्हा. बरेचसे शिकणाऱ्या पोरांचे, पाच मेडिकलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पेशंटजवळ बसलेल्या बाहेरगावच्या लोकांचे. त्यातल्या गडचिरोलीकडच्या एक आजी पंधरा दिवसांपासून नातवाच्या उशाशी होत्या. सकाळी पाणी उतरलं, तेव्हा तांदूळ, डाळी, महिन्याचा गहू, सगळं काळ्या चिखलात. पीठ तर डब्यातच लगदा झालं होतं.

मी महालक्ष्म्यांसमोर बसले. टेबलावर मांडल्या होत्या, म्हणून त्या तेवढ्या वाचल्या. मुखवटे कोरडे, नथ जिथल्या तिथं. आई, आता तूच बघ, एवढंच म्हटलं आणि बसूनच राहिले. खरं सांगते, उठायची ताकदच नव्हती. माझ्या सासूबाई देवभोळ्या. पण त्यांनीच मला हलवलं. म्हणाल्या, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं करून बसू नको. देवीच्या पोटात दाने आहेत ना अजून! ते घे अन् ऊठ."

आमच्याकडे कोठीत गहू भरून त्यावर मुखवटा बसवतात. विसर्जनानंतर तो गहू घरच्या धान्यात मिसळायचा, म्हणजे वर्षभर कमी पडत नाही, अशी श्रद्धा. त्या वर्षी मिसळायला धान्यच नव्हतं. दोन्ही कोठ्यांचा मिळून सहा-सात किलो निघाला. दही-भाताच्या नैवेद्याला भातही नव्हता. दह्याची नुसती वाटी दाखवली, अक्षता वाहिल्या, मुखवटे हलवले आणि गव्हाची पिशवी डोक्यावर घेऊन चिखलातून निघाले. पैसे नव्हते. लाईन रात्रीच गेली होती, म्हणजे चक्की बंद असणार हे कळत होतं. तरी गेले. त्या वाटेवर माझ्याजवळ देवीवरच्या भरवशाशिवाय काहीच नव्हतं.

तुम्ही दुकानातला चिखल फावड्यानं ओढत होता. तुमचंही नुकसान झालंच होतं. पिशवी उघडून तुम्ही मूठभर गहू तळहातावर घेतला. त्यात हळदीकुंकू लागलेले दाणे होते. तुम्ही वर पाहिलं आणि विचारलं, "महालक्ष्म्यांचा?" मी मान हलवली. तुम्ही चप्पल काढली. काका, तेवढं पाहूनच मला रडू आलं.

मग माळ्यावरची तुमच्या घरची कणिक उतरवलीत. वीस किलोच्या वरच असेल, वजन तुम्ही केलंच नाही. माझा गहू ठेवून घेतलात आणि पैशाचं काढल्यावर म्हणालात, "पाहू जी मंग. पोरं उपाशी असतील, जा तुम्ही." पोतं तुमच्या लेकानं सायकलवर आणून दिलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आपला गॅस मोकळा करून दिला, बटाटेही त्यांचेच. दुपारी दीडला अठरा डबे निघाले. पोळ्या आणि बटाट्याची भाजी, बस. मेडिकलच्या आजींनी डबा उघडून आधी हात जोडले. ते हात तुम्हाला जोडलेले होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

त्यानंतर दिवाळीपर्यंत तुम्ही कणिक देत राहिलात. वहीत माझं पान उघडलंच नाहीत. पंचनामा, मदत, धावपळ हे सगळं नंतर झालं, त्याबद्दल इथं लिहीत नाही. दिवाळीनंतर मी हिशोब करायला आले, तर तुम्ही फक्त गव्हाचा भाव लावलात. दळणाचे पैसे घेतलेच नाहीत.

देव देतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तो कसा देतो, हे त्या सकाळी भुवयांवर पीठ असलेल्या माणसाकडे बघून कळलं. आणि उठून गेले नसते तर कळलंच नसतं, हेही तितकंच खरं.

मागच्या महिन्यात सुटे पैसे काढताना तुमच्या गल्ल्यात एक लहान पुडी दिसली. हळद लागलेले दाणे. तुम्ही पटकन गल्ला लावलात. मी काही बोलले नाही.

यंदा कोठीत भरायचा गहू तुमच्या दुकानातून नेणार आहे, पैसे देऊन. नाही म्हणू नका. आणि काकूंना सवाष्ण म्हणून बोलावणं आहे, तुम्ही सगळेच या. चक्की दुपारी बाराला बंद करा. आंबील तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवते, ताकाची, लसूण घालून.

तुमची,
डबेवाली ताई