‘वारी स्पेशल’ रेनकोट दंडात, काखेत, खांद्यावर गळतोय: पैसे परत द्या आणि जाहिरात बदला

प्रति,
ग्राहक सेवा अधिकारी

सर/मॅडम, राम कृष्ण हरी.

तुमच्या वेबसाईटवरून आमच्या दिंडीसाठी मे महिन्यात 24 रेनकोट सेट मागवले होते, एकाला 1,450 म्हणजे सगळे मिळून 34,800 रुपये, आणि ते रेनकोट पावसात गळतायत ही माझी तक्रार आहे. कस्टमर केअरला फोन करून झालं, मेल करून झालं, फोनवर एकच उत्तर येतं की हे पाणी नाही, आतला घाम आहे. म्हणून आता सगळं सविस्तर लिहून पाठवतोय, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आमची दिंडी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दिंडीतले बहुतेक लोक शेतकरी, बायका डेअरीला दूध घालणाऱ्या नाहीतर काजूच्या हंगामात बिया गोळा करून चार पैसे बाजूला ठेवणाऱ्या. आषाढीला पायी जायचं म्हणून त्यातनं वर्गणी निघते. दरवर्षी आम्ही बेळगावच्या बाजारातनं प्लास्टिकचा कागद घेतो, डोक्यावरनं घेऊन गळ्याशी गाठ मारायची आणि चालायचं. कागद फाटतो, वाऱ्यावर उडतो, म्हणून यंदा सगळ्यांनी ठरवलं की एकदा चांगला रेनकोट घेऊ, चार-पाच वर्षं बघायला नको. तुमच्या जाहिरातीत वारकऱ्यांचा फोटो होता, खाली ‘वारी स्पेशल’, ‘100 टक्के वॉटरप्रूफ’, ‘10,000 मिमी’, ‘ब्रीदेबल’, ‘सर्व शिवणींना टेप’ असं लिहिलेलं. ते वाचूनच ऑर्डर दिली. त्या पानाचा स्क्रीनशॉट माझ्याकडं आहे.

आमची वाट कशी आहे ते आधी सांगतो, कारण तुमच्याकडं ज्यांनी हा कोट डिझाइन केला त्यांना ती माहीत नसावी असं वाटतं. खानापुरातनं बेळगाव, तिथनं पुणे-बेंगळुरू हायवेनं काकती, वंटमुरी घाट, हत्तरगी, संकेश्वर, मग चिकोडी, कृष्णा ओलांडून मिरज, तिथनं कवठेमहांकाळ, सांगोला आणि पंढरपूर. पहिला टप्पा पावसाचा. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, एकदा लागला की दिवसदिवस थांबत नाही, आणि वाऱ्यामुळं वरनं कमी न् आडवा जास्त येतो. मिरज मागं पडली की पाऊस विरळ होत जातो, सांगोल्याकडं तर ऊन आणि धूळ, मध्येच एखादी सर. म्हणजे अर्ध्या वाटेत कोट दिवसभर अंगावर, आणि अर्ध्या वाटेत तो पिशवीत घालून वागवायचा. यंदा तर मान्सून केरळात 24 मेलाच पोचला, आषाढी 6 जुलैला होती, आम्ही निघालो तेव्हा रानं भरलेली होती.

पहिल्याच दिवशी टाळकऱ्यांच्या बाह्या भिजल्या. टाळ वाजवताना हात छातीच्या वर असतात, मनगटावर पडलेलं पाणी कोपराकडं उतरतं आणि तिथनं काखेत. तुमच्या बाहीला मनगटाशी वेल्क्रोची एक पट्टी आहे, ती ओढून लावली तरी दोन बोटं आत जातील एवढी फट राहते. आत दुसरी इलास्टिकची बाही दिली असती तर हे पाणी तिथंच अडलं असतं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे हात खाली असतात, त्याला ही पट्टी पुरेल, पण ‘वारी स्पेशल’ म्हणून विकताना वारीत माणूस हात कसे धरतो एवढं तरी बघायला पाहिजे होतं.

आता मुख्य गोष्ट, शिवण. वंटमुरी घाट उतरून मुक्कामाला शाळेत थांबलो तेव्हा सगळ्यांचे सदरे एकाच जागी ओले होते, काखेपासनं कमरेपर्यंत एक पट्टा, आणि खांद्यावर आडवी एक रेघ. घाम असा रेघ मारून येतो का हो? घामानं पाठ सगळी दमट होते, चिकट होते. मी एक कोट उलटा केला आणि बॅटरी लावून शिवणी बघितल्या. टोपीच्या शिवणीला टेप आहे, म्हणजे सुईची भोकं बुजवायला आतनं चिकटवतात ती पट्टी, मागच्या मानेखाली आहे, ती चकाकते, बोटाला गुळगुळीत लागते. पण बाही जिथं जोडली तिथं टेप नाही, काखेखाली नाही, चेनच्या दोन्ही बाजूला नाही, पँटच्या जांगेत पण नाही. नुसता दोरा, आणि सुईची भोकं उघडी. मग आम्ही एका कोटाच्या बाहीला मनगटाशी सुतळीनं घट्ट बांधलं, बाही खाली सोडून कोट व्हरांड्यातल्या खिळ्याला टांगला आणि बाहीत तांब्यानं काखेपर्यंत येईल एवढं पाणी ओतलं. कोट कोणाच्या अंगात नव्हता, तेव्हा घामाचा प्रश्नच नाही. थोड्या वेळानं काखेखालच्या शिवणीवर बाहेरनं थेंब उभे राहिले, एकापाठोपाठ एक, सुईच्या टाक्यांच्या अंतरावर, आणि मग ते एकत्र होऊन धार लागली. कापडातनं एक थेंब आला नाही. याचा व्हिडिओ सोबत पाठवतोय.

म्हणजे तुमचं कापड खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. 10,000 मिमी म्हणजे कापडावर 10 मीटर उंच पाण्याचा दाब आला तरी ते धरतं, हे मला माहीत आहे. पण तो आकडा नुसत्या कापडाचा, शिवणीचा नाही, चेनचा नाही. कोट गळतो तो शिवणीतनं. तुम्ही आकडा मोठ्या अक्षरात लिहिला आणि टेपच्या बाबतीत ‘सर्व शिवणींना’ असं खोटं लिहिलं. आमचा पखवाजवाला पट्टा खांद्यावरनं घेतो, त्या पट्ट्याखाली तर पाणी दाबून आत ढकललं गेलं, कारण नेमकी तिथंच बाहीची शिवण आलीय. खांद्यावरची शिवण थोडी खाली सरकवून घेतली तर पिशवीचा, वीणेचा, पखवाजाचा सगळा दाब सलग कापडावर येईल, हे शिवणाऱ्याला अवघड नाही.

घामाचंही बोलू. आमच्याकडच्या जूनमध्ये हवाच ओली असते. असलं ब्रीदेबल कापड आतली वाफ बाहेर सोडतं ते आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तेव्हा. बाहेर पण तेवढीच दमट हवा आणि वर कापड पाण्यानं भिजून जड झालेलं, मग वाफ जाणार कुठं? तेव्हा घाम साचणार हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तर फोनवरच्या पोरीला ते उत्तर लिहून दिलंय. मग हे जाहिरातीत का नाही लिहिलं? काखेत चेन दिली असती, पाठीवर झाकलेली फट दिली असती तर चालणाऱ्याला वारा लागला असता. उलट आत जाळीचं अस्तर दिलंय. ते अस्तर एकदा भिजलं की मुक्कामात रात्रभर वाळत नाही. पहाटे काकड्याला उठून तोच गार ओला कोट अंगात घालायचा. अस्तर नसतं तर झटकून, फडक्यानं पुसून लगेच वापरता आला असता.

बायकांच्या बाबतीत तर काही विचारच केलेला नाही. आमच्या दिंडीत निम्म्याहून जास्त बायका, सगळ्या साडीत, काही नऊवारीत. त्यांना पँटचा काय उपयोग? पँटी पिशवीतच राहिल्या, पैसे मात्र पूर्ण सेटचे घेतले. कोट कमरेशी संपतो, तिथनं पुढं निऱ्या भिजतात, भिजलेली साडी पायाला चिकटते आणि चालताना मांड्या घासून सोलतात, हे त्या कोणाला सांगत पण नाहीत. ज्यांच्या डोक्यावर तुळस असते त्यांना टोपी घालताच येत नाही, मानेपासनं पाणी आत. त्यांना गुडघ्याच्या खाली येणारा, बाजूला टिचबटनं असलेला, गळ्याशी घट्ट बसणारा सैल झगा पाहिजे, पदरावरनं घालता येईल असा. तुमच्याकडं पोंचो म्हणून जो आहे तो दोघींनी घेतलेला, त्याला बाजूला काहीच नाही. हायवेवर लॉरी शेजारनं गेली की तो फुगून तोंडावर येतो. एवढ्या रहदारीत माणसाला क्षणभर पुढचं दिसलं नाही तर काय होईल याचा विचार करा.

हायवेचं निघालंय तर रंगाचं पण सांगतो. सगळे कोट गडद करड्या रंगाचे, एकही चमकणारी पट्टी नाही. आम्ही पहाटे अंधारातच चालायला लागतो, पाऊस असतो, लॉरीवाल्याला भगवी पताका दिसते पण मागं चालणारी माणसं दिसत नाहीत. पाठीवर आणि बाहीवर दोन बोटं रुंद पट्टीला असा किती खर्च येतो?

आमच्यातल्या एका आक्कांना संकेश्वरला ताप भरला. दोन दिवस आतनं ओल्या अंगानं चालल्या होत्या, कोणाला बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी पुढं चालू नका म्हणून सांगितलं आणि त्यांचा मुलगा येऊन त्यांना घरी घेऊन गेला. कितीतरी वर्षांची त्यांची वारी यंदा अर्ध्यावर राहिली. ताप फक्त कोटामुळं आला असं मी म्हणत नाही, वय आहे, दगदग आहे. पण त्या जुना कागद घ्यायला निघाल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना हा कोट घ्यायला लावला, तुमच्या जाहिरातीवर विश्वास ठेवून. ज्या म्हाताऱ्या माणसांनी ऐकलं नाही आणि कागदच घेतला त्यांचे खांदे कोरडे होते, कारण सलग कागदाला शिवण नसते. जाड पीव्हीसीचा साधा कोट पण जोड चिकटवलेला असला तर गळत नाही, त्यात घाम येतो, वजन होतं, तरी पावसाचं पाणी आत येत नाही. आम्ही तेच घेतलं असतं तर निम्म्या पैशात झालं असतं.

आणखी एक. दोन कोटांचं आतलं कोटिंग वाटेतच पांढऱ्या पापुद्र्यासारखं सुटायला लागलं, बनियनला चिकटलं. नव्या कोटाचं असं होत नाही. हे कोटिंग दमट गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलं की खराब होतं. पॅकेटवर कधी बनवलाय तो महिना-वर्ष मला सापडला नाही. हा माल कधीचा आहे ते लेखी सांगा.

तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं की 7 दिवसांत परत करायला पाहिजे होता आणि वापरलेला माल घेत नाही. पार्सल आलं तेव्हा पाऊस लागायचा होता, रेनकोट गळतो हे पावसाशिवाय कसं कळणार? आणि ई-कॉमर्सचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम तुम्हालाही लागू आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असंही त्यात आहे. माझ्या पहिल्या मेलला अजून पोच नाही.

आमची मागणी अशी आहे. 24 सेटचे पूर्ण पैसे ज्या खात्यातनं गेले त्याच खात्यात परत करा, कोट तुमच्या खर्चानं उचलून न्या, आमच्या गावात कुरियर येत नसेल तर खानापुरात आणून द्यायची आमची तयारी आहे. ‘सर्व शिवणींना टेप’ हे वाक्य पानावरनं काढा, जिथं टेप आहे तेवढंच लिहा. ज्यांनी हाच कोट घेतलाय त्या बाकीच्या दिंड्यांना पण कळवा, तुमच्याकडं सगळ्यांचे नंबर आहेत, ऑफरचे मेसेज रोज येतातच. बदली माल नको. पुढं कधी खरंच वारीसाठी कोट करायचा असेल तर आमच्याकडं या, आमच्या बायका तुम्हाला घालून, चालून, तुळस डोक्यावर घेऊन काय कुठं अडतं ते दाखवतील, त्याचे पैसे आम्ही मागणार नाही.

महिन्याभरात काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार नोंदवणार आणि त्यानंतर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो तिथंच केस घालता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही, हे आम्ही वकिलांना विचारून घेतलंय.

उत्तर लेखी द्या, फोन नको. मराठीत दिलंत तर दिंडीत सगळ्यांना वाचून दाखवीन, कन्नडमध्ये दिलं तरी चालेल, वाचणारे आहेत. ऑर्डरची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, शिवणीचे फोटो आणि बाहीत पाणी ओतल्याचा व्हिडिओ सोबत जोडलाय. पापुद्रे सुटलेले दोन कोट आणि तो बाहीचा कोट आम्ही न धुता वेगळे ठेवलेत, तुमच्या माणसाला येऊन बघायचे असतील तर बघू देत.

आपला,
दिंडीचा हिशोब बघणारा
ता. खानापूर, जि. बेळगाव
जुलै 2025