मशीनरूममधल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

निरोप समारंभात तुम्ही पुष्पगुच्छ घेतलात आणि दोन मिनिटांत खाली बसलात. आम्हाला कोणाला बोलूच दिलं नाहीत. म्हणून हे पत्र.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी लॉगिन नोडवरच चाळीस प्रोसेस सोडल्या आणि वडापाव खायला गेलो. परत येतो तर सगळ्या विभागाचं क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा अख्खा ताफा, आडवा. आता अकाउंट गेलंच, असं धरून चाललो होतो. तुमचा फोन आला: "अरे, लॉगिन नोड म्हणजे स्वारगेटचा स्टँड. तिथून गाडी पकडायची, पथारी पसरायची नाही. उद्या ये. स्वेटर घेऊन."

मे महिन्यात स्वेटर! मशीनरूमच्या दारातच उत्तर मिळालं. रॅकच्या पुढे कुडकुडायचं, मागे गेलं की भट्टी. तुम्ही मागे हात धरून, कान देऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "तिसऱ्यातला पंखा आठवडाभर टिकेल." पाचव्या दिवशी गेला.

मग स्लर्मची, म्हणजे क्लस्टरवर सगळ्यांची कामं रांगेत लावणाऱ्या शेड्युलरची, स्क्रिप्ट माझ्याकडून चारदा लिहून घेतलीत. सगळे घाबरून ७२ तास मागतात आणि सगळेच ताटकळतात. तीन तासांचं काम असेल तर चारच माग, मोठ्या जॉबसाठी नोड रिकामे होईस्तोवर शेड्युलर तुझं काम मधल्या फटीत बसवून टाकतो. हे मला कुठल्या तासाला कोणी शिकवलं नव्हतं. आज मी नव्या मुलांना हेच सांगतो, उदाहरणासकट.

नोकरीच्या एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, "हे सगळं ठीक, पण यात तुमचं संशोधन कुठलं?" मी तोंड पाडून आलो. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना मी मेकॅनिक वाटायचो, भौतिकीवाल्यांना हेल्पडेस्क. तुम्ही चहा ओतता ओतता म्हणालात, "खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, एकेक ४५ मीटरची. त्यांच्या सिग्नलच्या ४३५ जोड्या जुळवणारं कोणी मागे नसेल, तर आकाशाचं चित्र कुठून येणार? हे पुढच्या वेळी सांग." पुढच्या वेळी सांगितलं. त्याच नोकरीत आज आहे.

१९९१ साली पुण्यात 'परम ८०००' महासंगणक उभा राहिला, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रात्री दोनला लाइट गेल्यावर यूपीएस संपायच्या आत मशीन नीट बंद करायला स्कूटरवर कोण यायचं, ते मात्र कोणी विचारत नाही. (तुमच्या मिस्टरांचेही आभार, ते मागे टॉर्च धरून बसायचे.)

आमच्या पेपरांच्या शेवटी निधी देणाऱ्याचे आभार येतात, मशीनचे येतात. नवा पेपर कालच पाठवला. त्यात मशीनच्या आधी तुमचं नाव आहे. खोडायला लावू नका, प्रूफ माझ्याकडे येणार आहे.

तुमचा,
लॉगिन नोडवाला