पाचगणीच्या पाळकसाहेबांना, सांगलीहून

आदरणीय पाळकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

लेक शाळा संपवून कॉलेजलाही गेली, पण हे पत्र राहूनच गेलं होतं.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. आम्ही गावभागातले. खाली पाणी, वर माडीवर आम्ही. लाइट गेलेली, मोबाइल मेलेले. पोरगी तिकडे पाचगणीला, तुमच्या ख्रिस्ती शाळेच्या होस्टेलला, आठवीत. आम्ही घरात अडकलोय की बाहेर पडलोय, तिला कशाचाच पत्ता नव्हता.

त्या आठवड्यातलं पुढे तिच्याकडूनच कळलं. एरवी सकाळच्या उपासनेत इंग्रजी गीतं असायची. तेव्हा मात्र तुम्ही पेटी काढलीत आणि स्वयंपाकघरातल्या मावश्यांना, माळीकाकांनाही चॅपलमध्ये बोलावून घेतलंत. काही मावश्यांची माहेरं इकडचीच, नदीकाठची. वाचनाला घेतलंत बायबलमधलं 69वं स्तोत्र. त्यातला माणूस देवापुढे सरळ गाऱ्हाणंच घालतो: पाणी गळ्याशी आलंय, हाका मारून घसा कोरडा पडलाय. ‘सगळं ठीक होईल’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं! मग मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेत एकेका गावाचं नाव घेतलंत: सांगली, हरिपूर, भिलवडी. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्यांच्यासाठीही प्रार्थना झाली. आमच्या घराचं नाव घ्यायच्या आधी लेकीला बाजूला नेऊन विचारलंत, ‘घेऊ का?’ ती हो म्हणाली, तेव्हाच घेतलंत.

त्या दिवशी तिच्या शेजारी बसून रडणाऱ्या मावशी तोवर तिच्यासाठी नुसत्या ‘पोळीवाल्या मावशी’ होत्या. त्यांचं माहेरही पाण्यात आहे हे तिला चॅपलमध्येच कळलं. होस्टेलला शेकडो माणसं एका छपराखाली जेवतात, पण कुणाच्या घरी काय चाललंय हे मोठ्याने सांगायला वेळापत्रकात जागा कुठे असते? तुमच्या शाळेत ती होती, रोज सकाळी. त्या महिन्यात मुलांनी खाऊचे पैसे दानाच्या थैलीत टाकले आणि त्यातून पूरग्रस्त पोरांसाठी वह्या आल्या.

प्रवेशाच्या वेळी आमच्या सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं: ‘पोरीला बाटवतील.’ तुम्ही चिडला नाहीत. राज्यघटनेचं 28वं कलम समजावलंत: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. नको असेल तर ती वेळ लायब्ररीत, असंही सांगितलंत. आणि वर हेही, की उपासना ख्रिस्तीच असेल, तिला मूल्यशिक्षणाचं लेबल लावणार नाही. मी सही केली ती या शेवटच्या वाक्यामुळे. सगळ्या धर्मांचं थोडं थोडं घालून केलेली मिळमिळीत प्रार्थना मला कधीच पटलेली नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याने ती उघड ठेवावी आणि दारही उघडं ठेवावं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्या वारकरी घरातल्या. पालकसभेच्या दिवशी तुम्ही ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग म्हटलात तशा त्या ताल धरून बसल्या. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला होता, हे तुम्ही सांगितल्यावर म्हणाल्या, ‘मग हे आपल्यातलेच की!’ मत पूर्ण बदललं असं नाही, अजूनही कुरकुरतात. पण नाताळला करंज्यांचा डबा त्यांनीच भरून पाठवला होता.

पाणी ओसरल्यावर लेकीचा फोन लागला. ‘पप्पा कसे आहेत?’ यानंतर लगेच तिने विचारलं, ‘भिलवडीचा रस्ता सुरू झाला का? मावशींना जायचंय.’ आम्ही सगळे चिखलात उभे होतो, आणि तिला दुसऱ्या कुणाच्या माहेराची काळजी होती. पाळकसाहेब, ही काळजी आम्ही तिला शिकवलेली नव्हती. त्याबद्दल मनापासून आभार.

यंदाच्या कापणीच्या सणासाठी हळदीचं पोतं आणि बेदाणे पाठवतो आहोत. सणाला आलेल्या वस्तूंच्या लिलावात बोली चढली नाही तर फोन करा, आमच्यातर्फे सासूबाई बोली लावतील.

आपली,
गावभागातली एक आई